पुनर्वसनात मनाचं वेळापत्रक: लकवा, मणक्याची इजा किंवा पाय गमावल्यानंतरचे पहिले महिने

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतलं खासगी रुग्णालय असो की शासकीय मेडिकल, सुट्टी होताना जी फाइल हातात पडते तिच्यात गोळ्यांच्या वेळा असतात, ड्रेसिंग कधी बदलायचं ते असतं, फिजिओचे व्यायाम असतात. मनाबद्दल बहुतेक वेळा दोनच शब्द तोंडी सांगितले जातात: "हिंमत ठेवा." ती कशी ठेवायची, सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मग घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, फिजिओ आला की "आज नको" म्हणतो, आणि घरचे म्हणतात, यांची इच्छाशक्तीच कमी पडून राहिली.

इच्छाशक्तीचा प्रश्न फार थोड्या जणांच्या बाबतीत असतो. मनाचं काम हे हातापायांच्या व्यायामासारखंच मोजून, ठरवून आणि लिहून करावं लागतं. ते "आधी चालायला तर लागू द्या" म्हणून पुढे ढकललं की फिजिओही मागे पडतो, कारण खचलेला माणूस व्यायाम टाळतो, व्यायाम टाळल्याने सांधे आखडतात, आणि आखडलेला खांदा दुखायला लागला की तो आणखी खचतो. पुढे दिलेलं पेशंटने आणि त्याच्या जवळच्या एका माणसाने, शक्यतो दोघांनी मिळून, वाचावं.

आधी कारण वेगळं काढा

घरात "डिप्रेशन आलं" हे लवकर म्हटलं जातं. त्या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात आणि चारही गोष्टींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट साधं दुःख. ते येतं-जातं. सकाळी रडलेला माणूस संध्याकाळी नातवाच्या बोलण्यावर हसतो, जेवण गोड लागतं, क्रिकेटचा स्कोअर विचारतो. आधी नकार, मग राग, मग स्वीकार अशा ठरलेल्या पायऱ्या असतात असं पुष्कळांना ऐकवलं जातं. प्रत्यक्षात कुणाचं मन त्या क्रमाने चालत नाही. सहाव्या महिन्यात पहिल्या दिवसासारखा राग आला म्हणून सगळं वाया गेलं असं समजू नका. दुःखाला औषध लागत नाही. सोबत लागते, आणि "रडू नको" असं न म्हणणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट मेंदूला झालेल्या इजेची. लकव्यानंतर काही जणांना अचानक रडू फुटतं, क्वचित हसू, तेही भलत्या वेळी. टीव्हीवर साधी जाहिरात लागली तरी. ते काही सेकंदांत किंवा मिनिटांत थांबतं आणि विचारलं तर माणूस सांगतो की मनात तेवढं काही नव्हतं. हा भावनांवरच्या लगामाचा दोष आहे. अशा वेळी गळ्यात पडून समजूत घालू नका, त्याने रडू वाढतं. विषय बदला, हळू श्वास सोडायला सांगा, पाणी द्या. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, यावर औषध आहे. याच इजेचं दुसरं रूप म्हणजे निरिच्छपणा. माणूस रडत नाही, दुःखीही नाही, फक्त स्वतःहून काही सुरू करत नाही. त्याला "आळशी" म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला भाषण नको, सुरुवात करून देणारा हवा. मोबाइलवर गजर, समोर ठेवलेला टॉवेल, आणि "चला, डावा हात बाहीत घाला" असं एका वेळी एकच वाक्य.

तिसरी गोष्ट शरीराची आणि औषधांची. कॅथेटर (लघवीची नळी) असलेला माणूस एका दिवसात चिडचिडा झाला, गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या, जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. सतत थकवा आणि उदासी असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघायला सांगा. झटक्यांसाठी दिलेल्या लेव्हेटिरासिटॅमने काही जणांची चिडचिड वाढते, स्टेरॉइडने झोप आणि मूड दोन्ही हलतात. ही औषधं स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाहीत. अंग आखडू नये म्हणून दिलेलं बॅक्लोफेन तर कधीच एकदम थांबवायचं नाही, त्याने झटके आणि भास होऊ शकतात. गोळ्या संपत आल्या की चार दिवस आधीच आणून ठेवा.

चौथी गोष्ट खरं नैराश्य. ते जवळजवळ रोज, दिवसभर आणि किमान दोन आठवडे राहतं. लकव्यानंतर साधारण तीनपैकी एका पेशंटला ते कधी ना कधी गाठतं, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही नाही. दर रविवारी दोन प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे किती दिवस गेले? उदास, हताश वाटलं असे किती? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर "निम्म्याहून जास्त दिवस" आलं, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मागा. तिच्यात शून्य ते २७ गुण असतात, १० किंवा त्याहून जास्त आले की मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचं. एक सावधगिरी: थकवा, झोप, भूक यांचे गुण दुखण्यामुळेही वाढतात. म्हणून रस नसणं, स्वतःला ओझं समजणं आणि मरणाचे विचार या उत्तरांना जास्त वजन द्या.

वही: रोज सहा ओळी

शंभर पानी वही आणि जाड रेषेचा पेन पलंगाजवळ ठेवा. पेशंटला लिहिता येत असेल तर त्यानेच लिहावं, अक्षर वाकडं आलं तरी. बोलणं गेलं असेल तर आकड्यांवर बोट ठेवू द्या. प्रत्येक ओळीत चारच गोष्टी: वेळ, काय केलं, किती केलं, आणि करण्याआधी व केल्यानंतर मनाला दहापैकी किती गुण.

उजवा हात कमकुवत झालेल्या, साठीच्या आजोबांचं एक पान असं दिसेल:

८.३० – पलंगाच्या कडेला बसून तोल, १५ मिनिटं. आधी ३, नंतर ४.
९.१५ – डाव्या हाताने स्वतः पोहे खाल्ले, अर्धी प्लेट. आधी ४, नंतर ५.
११.०० – शेंगा सोलल्या, अर्धी वाटी, वाटीखाली ओलं फडकं. आधी ४, नंतर ६.
४.३० – नातीचे पाढे ऐकले, २० मिनिटं. आधी ४, नंतर ७.
५.३० – फिजिओ, खांदा आणि उभं राहणं, ३० मिनिटं. आधी ६, नंतर ५.
७.०० – गॅलरीत बसलो, २५ मिनिटं. आधी ५, नंतर ५.

वाटीखालचं ओलं फडकं हा बारीकसा तपशील वाटेल, पण त्यावर सगळं अवलंबून आहे. एका हाताने काम करताना भांडं सरकलं की दोन मिनिटांत "मला काही जमत नाही" यावर गाडी येते. भांडं स्थिर राहिलं तर तेच काम अर्धा तास मन गुंतवतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे वॉर्डात ज्यांना सगळे "ओटीवाले" म्हणतात त्यांच्याकडे, अशा युक्त्यांचा साठा असतो. न सरकणारी चटई, जाड मुठीचा चमचा, एका हाताने लावायची बटणं. फिजिओइतकाच वेळ त्यांच्यासाठी काढा.

सहा ओळींपैकी किमान दोन उपचाराबाहेरच्या हव्यात. एक अशी की जिचा घराला उपयोग होतो: वीजबिल मोबाइलवरून भरणं, दूधवाल्याचा हिशेब, भाजी निवडणं. एक निव्वळ आवडीची: आकाशवाणीवरची गाणी, बुद्धिबळ, जुन्या मित्राला फोन. "मूड आला की करू" असं ठरवू नका. नैराश्यात मूड आधी येत नाही, काम केल्यावर थोडासा येतो, म्हणून वेळ घड्याळाने ठरवायची. आठवड्याच्या शेवटी वही मागे वाचा. कोणत्या ओळीनंतर गुण वाढतात ते दिसेल. वरच्या पानात ते पाढ्यांना वाढलेत, म्हणून नातीचा अभ्यास फिजिओच्या आधी ठेवला आहे. मन सहावर असताना उभं राहण्याचा व्यायाम टाळला जात नाही, तीनवर असताना टळतो.

आता "किती" या रकान्याबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. बरं वाटलं त्या दिवशी माणूस दुप्पट करतो, मग दोन दिवस अंथरूण सोडत नाही, आणि त्या दोन दिवसांत मन पार खाली जातं. हे टाळायला प्रत्येक कामाची पायाभूत वेळ काढा. समजा, खुर्चीत बसणं मोजायचंय. तीन दिवस थकेपर्यंत बसा आणि मिनिटं लिहा: २५, ४०, १०. सरासरी २५. सुरुवात तिच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे २० मिनिटांवर करायची. चांगल्या दिवशीही २० आणि वाईट दिवशीही २०. आठवडाभर जमलं की १० टक्के वाढवा, म्हणजे २२. कासवगती वाटेल, पण दोन महिन्यांत वेळ जवळजवळ दुप्पट होते आणि मध्ये एकही आपटी येत नाही. चांगल्या दिवशी २० वर थांबणं हे सगळ्यात अवघड असतं. घरच्यांनी त्या दिवशीच लक्ष ठेवावं. खुर्चीत बसलेल्या मणक्याच्या पेशंटने दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर जोर देऊन बैठकीवरचा भार मोकळा करायचा असतो. तोही वहीत लिहा, कारण प्रेशर सोअर (एकाच जागी दाब राहून पडणारी जखम) झाला की पुनर्वसन महिनोन् महिने थांबतं.

"चालायला कधी लागणार?"

हा प्रश्न डॉक्टरांना दर वेळी विचारला जातो आणि दर वेळी मोघम उत्तर मिळतं, कारण एवढ्या मोठ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर कुणाकडेच नसतं. त्याऐवजी तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. पुढच्या महिनाभरात कोणता एक बदल शक्य आहे? तो होण्यासाठी घरी रोज काय करायचं? आणि कोणती गोष्ट परत येण्याची शक्यता कमी आहे? तिसरा प्रश्न विचारायला जीव घाबरतो. तरी तो विचारावा, पेशंटच्या संमतीने आणि पेशंटसमोर. घरचे बाहेर कुजबुजतात आणि आत येऊन हसतात, हे पेशंटला पहिल्या दिवसापासून कळत असतं, आणि न सांगितलेलं सत्य त्याच्या डोक्यात खऱ्यापेक्षा मोठं होत जातं.

ढोबळ चित्र असं: लकव्यात सुधारणेचा सर्वांत जोराचा काळ पहिले तीन महिने, त्यानंतर वेग मंदावतो, पण सराव चालू ठेवला तर पुढेही फरक पडतो. मणक्याच्या इजेत सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते. पाय कापावा लागला असेल तर स्टम्पचा, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाचा, आकार पहिल्या वर्षात बदलत राहतो. त्यामुळे जयपूर फूट किंवा दुसरा कृत्रिम पाय बसवल्यानंतर तो सैल झाला, तर तुमचं काही चुकलेलं नसतं. मोजा वाढवून किंवा सॉकेट, म्हणजे स्टम्प ज्यात बसतो तो भाग, बदलून घ्यायचं असतं.

ध्येय लिहिताना त्यात कोण, काय, कुणाच्या मदतीने आणि कधीपर्यंत हे चार भाग हवेत. "चालायचं आहे" हे ध्येय रोज अपयशी ठरतं. "येत्या शनिवारपर्यंत पलंगावरून खुर्चीत एकाच माणसाच्या आधाराने" हे शनिवारी पूर्ण होऊ शकतं. एका वेळी दोनच ध्येयं ठेवा. आठवड्यात एकही जमलं नाही तर ध्येय मोठं होतं असं समजा आणि निम्मं करा.

व्हीलचेअरबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ती घरात आणली म्हणजे आशा सोडली, असं मानून कुटुंबं ती लांबवतात. तेवढे महिने माणूस एका खोलीत कोंडलेला राहतो. चालण्याचा सराव रोज तासभर करा आणि उरलेला दिवस चाकांवर फिरा. दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

शरीराशी पुन्हा ओळख

पाय गमावलेल्या बहुतेकांना तो पाय अजून आहे असं जाणवतं, पुष्कळांना त्यात दुखतंही. अनेक जण हे कुणाला सांगत नाहीत, लोक वेड्यात काढतील म्हणून. हा वेडेपणा नाही. मेंदूतला त्या पायाचा नकाशा शिल्लक असतो. चेतासंस्थेचे संशोधक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेली आरशाची पद्धत घरी करता येते. तिचा उपयोग सगळ्यांना होतो असं नाही, पण खर्च एका आरशाचा आहे.

बसून शाबूत पाय सगळा दिसेल एवढा मोठा आरसा घ्या, भिंतीला लावायचा चालतो. कडा टोकदार असतील तर चिकटपट्टी लावा. पलंगावर पाय लांब करून बसा, आरसा दोन पायांच्या मध्ये उभा धरा, शाबूत पायाकडे त्याचा चेहरा. स्टम्प आरशामागे पूर्ण झाकला गेला पाहिजे. पैंजण, जोडवी, मोजे काढा, कारण दोन्हीकडे सारखं दिसायला हवं. आता आरशातल्या पायाकडे बघत शाबूत पाय सावकाश हलवा आणि मनाने दुसराही तसाच हलवा: घोटा वर-खाली, बोटं मिटणं-उघडणं, गोल फिरवणं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग १५ ते २० मिनिटांपर्यंत. रोज, किमान चार आठवडे. गरगरलं, मळमळलं किंवा फार भरून आलं तर आरसा बाजूला करा आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळेने सुरू करा. अधूनमधून केलं तर काही हाती लागत नाही.

स्टम्पकडे बघवत नसेल तर जबरदस्ती नको, पण पट्टी बांधण्याचं काम कायमचं बायकोवर किंवा मावशींवर सोपवूही नका. आधी कपड्यावरून हात ठेवा, मग मऊ सुती कापडाने पुसा, मग जखम भरली असेल तर तेलाने मालिश, मग पट्टी स्वतः गुंडाळा. एका पायरीवर तीन-चार दिवस घालवले तरी चालतात.

लघवी-संडासचं नियंत्रण जाणं हे मणक्याच्या पेशंटला चालता न येण्यापेक्षाही जास्त लाजवतं, आणि याच भीतीने कितीतरी लोक वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाहीत. यावर धीराचे शब्द कामाचे नाहीत, वेळापत्रक कामाचं आहे. डॉक्टरांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवलं असेल तर ती दर चार ते सहा तासांनी, स्वतःच्या हाताने. शौचासाठी रोज एकच वेळ, जेवण किंवा चहा झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, कारण पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलतात. वेळापत्रक बसायला काही आठवडे लागतात. ते बसेपर्यंत बाहेर जाताना पिशवीत एक जोडी कपडे, डायपर, ओले रुमाल आणि एक जाड काळी पिशवी. पिशवी सोबत आहे एवढ्यानेच पुष्कळदा भीती निम्मी होते.

पती-पत्नीच्या संबंधांबद्दलही मनात प्रश्न असतात आणि ते विचारले जात नाहीत. अपंगत्वाने जवळीक संपत नाही. लकव्यानंतर केव्हा, मणक्याच्या इजेनंतर कसं, मूल होऊ शकतं का, या सगळ्यांना डॉक्टरांकडे उत्तरं आहेत. तोंडाने विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून फाइलमध्ये ठेवा.

घरातली माणसं आणि भेटायला येणारी

भेटायला येणं हा आपल्याकडे मायेचाच भाग आहे. पण दिवसात दहा जण येतात, दहा वेळा "कसं काय झालं बाप्पा हे?" विचारतात, आणि दहा वेळा तो अपघात पुन्हा सांगावा लागतो. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा एवढीच ठेवा आणि ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. उत्तर एकच ठरवा: "काकाजी, अपघाताचं बोलणं आता नको, तुम्ही गावाकडचं सांगा." हे पेशंटला म्हणवत नसेल तर घरच्यांनी म्हणावं. मागच्या जन्मीचं पाप, कुणाची नजर, अमुक बाबांचा अंगारा, असलं बोलणं सुरू झालं की पाहुण्याला चहाच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत न्या. एका अशा वाक्याने आठवड्याची मेहनत पाण्यात जाते.

काळजी घेणाऱ्याची सर्वांत नेहमीची चूक प्रेमातून होते: सगळं आपणच करून टाकणं. पेशंटचा हात बटणाकडे निघाला की मनात दहापर्यंत मोजा. मग विचारा, "मदत करू?" नाही म्हटलं तर थांबा. बटणाला पाच मिनिटं लागली तर लागू द्या, पण दवाखान्याची घाई असेल त्या दिवशी तुम्हीच लावा. रोजच लढाई करायची गरज नाही.

आणि सांभाळणाऱ्याला सुट्टी हवी. बहुतेक घरांत हा भार एकाच बाईवर येतो, सून किंवा बायको. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी दोन तास, दुसरं कुणीतरी तिच्या जागी बसेल अशी पाळी लावा आणि ती कॅलेंडरवर लिहा. या दोन तासांत तिने घरातलीच राहिलेली कामं करायची नाहीत. तिची चिडचिड, पाठदुखी, झोप उडणं ही लक्षणं पेशंटच्या लक्षणांइतकीच गंभीरपणे घ्या, कारण ती कोसळली की घर कोसळतं.

पहिल्यांदा बाहेर

बाहेर जाण्याची भीती घरात बसून कमी होत नाही, वाढते. एकदम लग्नाला नेणं हाही उपाय नाही. पाच-सहा पायऱ्या लिहा, सोप्यापासून कठीणाकडे. उदाहरणार्थ: गॅलरी किंवा अंगण, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, ओळखीचं किराणा दुकान, फुटाळा तलावावर सकाळची मोकळी वेळ, मेट्रोचा छोटा प्रवास, आणि शेवटी गर्दीचं ठिकाण किंवा समारंभ. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्या. भीती सातवर असताना परत फिरू नका, तिथेच सावलीत थांबा, गप्पा मारा. ती निम्म्यावर आली की परत या. भीती चढलेली असताना पळ काढला तर मन एवढंच शिकतं की पळाल्याने सुटका होते. एक पायरी तीनदा सहज जमली की पुढची.

मेट्रो यासाठी सोयीची आहे: स्थानकांवर लिफ्ट आहे, प्लॅटफॉर्म आणि डब्याची पातळी जुळते, डब्यात व्हीलचेअरला जागा असते. ऑफिसच्या वेळा टाळून दुपारी अकरा-बाराच्या सुमारास जा आणि सुरक्षारक्षकाला आधी सांगा. सीताबर्डीला मार्ग बदलावा लागतो, म्हणून पहिल्यांदा मार्ग न बदलता दोन-तीन स्थानकंच करा.

खरी परीक्षा स्थानकाबाहेरच्या फुटपाथची असते. एखादी उंच पायरी चढवताना खुर्ची सरळ ढकलली तर पुढची लहान चाकं अडतात आणि बसलेला माणूस तोंडावर येतो. पेशंटला मागे टेकून बसायला सांगा. मागच्या बाजूला खाली असलेल्या नळीवर पाय दाबून खुर्ची किंचित मागे झुकवा, लहान चाकं पायरीवर टेकवा, मग मोठी चाकं पायरीला भिडेपर्यंत पुढे घ्या आणि मांडीच्या जोराने ढकला. उतरताना उलटं: स्वतः आधी खाली उतरा, खुर्ची पाठमोरी घ्या, मोठी चाकं आधी खाली. हे अंगणात दहा वेळा करून मगच रस्त्यावर. पहिल्याच फेरीत खुर्ची कलंडली तर त्या पडण्याची भीती महिनाभर पुरते.

उन्हाळ्यासाठी वेगळा नियम. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याची इजा झालेल्यांना इजेच्या खाली नीट घाम येत नाही. त्यांचं अंग लवकर तापतं. एप्रिल ते जून बाहेर पडणं सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. पाण्याची फवारणी बाटली, ओला दुपट्टा डोक्याला आणि मानेला, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पाणी. या तीन महिन्यांत बाहेरच्या पायऱ्या थांबतात म्हणून मन उतरतं. ते आधीच धरून कूलरच्या खोलीतली कामं वहीत वाढवा आणि मित्रांना घरी बोलवा.

रस्त्यात लोक बघतात, लहान मुलं बोट दाखवतात. प्रत्येकाला उत्तर द्यायची गरज नाही. मुलाला एक वाक्य पुरतं: "माझा पाय आजारी आहे, म्हणून चाकाची खुर्ची." कुणी पैसे पुढे केले तर "नको दादा, दार तेवढं धरा" म्हणा.

तज्ज्ञाकडे कधी, आणि लगेच कधी

दोन आठवडे वहीतले गुण चारच्या वर गेले नाहीत, फिजिओ सलग तीनदा नाकारला, झोप रोज पहाटे तीनला मोडते, किंवा दारू आणि झोपेच्या गोळ्या वाढल्या, तर वाट पाहू नका. मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. जिथे फिजिओ चालू आहे तिथेच दाखवलं तर फेऱ्या वाचतात. जुन्या औषधांची पूर्ण यादी सोबत न्या. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला सहा ते आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होते आणि पुष्कळ लोक नेमक्या तेव्हाच गोळी सोडतात. त्रास सांगा, डोस बदलून घ्या.

"मी नसतो तर बरं झालं असतं", "तुमच्यावर ओझं झालोय" हे शब्द आले तर विषय टाळू नका. सरळ विचारा: "जीव देण्याचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं घराबाहेर हलवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पेशंट बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी स्वतःसाठीही फोन करावा.

पैसा आणि काम

रात्री झोप उडवणाऱ्या विचारांपैकी अर्धे पैशाचे असतात, म्हणून कागदपत्रं हाही मनाच्या उपचाराचाच भाग धरा आणि दर आठवड्याला एक काम उरका. प्रकृती स्थिरावली की यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की शासकीय नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, एसटीच्या भाड्यातली सवलत, अशा बऱ्याच गोष्टींचं दार उघडतं. जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्याला अपंगत्वाबद्दल (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-यू) ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं असेल तर एक गोष्ट पाठ करून ठेवा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०(४). त्यानुसार अशा कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही आणि त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या, पदावर ठेवायचं. घाबरून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नका, आधी वकिलाला किंवा संघटनेला विचारा.

खासगी नोकरी किंवा स्वतःचं दुकान असेल तर परत जाण्याची सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला दोन तास अशी करा, वहीतल्या पायाभूत वेळेच्या त्याच ८० टक्क्यांच्या हिशेबाने. जाण्याच्या पंधरा दिवस आधी कुणाला तरी टेप घेऊन पाठवा. दरवाजाची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर रॅम्प किमान १८० सेंटिमीटर लांब लागतो, त्याहून आखूड केला तर खुर्ची मागे लोटते. शौचालयात खुर्ची वळते का आणि कडीपर्यंत हात पोहोचतो का, हे बघा. मापं कागदावर घेऊन साहेबांना किंवा भागीदाराला भेटा, आणि काय हवं ते तीन ओळींत लिहून द्या.